एकाच कर्जदाराची बँक

विरारच्या नव्या इमारतीतल्या फ्लॅटसाठी काढलेले कर्ज फिटायला वीस वर्षे लागतात. ज्या ठेवीतून ते दिले गेले, ती मात्र ठेवीदार उद्या सकाळी परत मागू शकतो. बँकेची उपयुक्तता या तफावतीत आहे आणि तिचा धोकाही तिथेच आहे.

शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ डग्लस डायमंड यांनी आपली कारकीर्द या कोड्याला वाहिली. 1983 साली फिलिप डिबविग यांच्यासोबत त्यांनी गणिताने दाखवून दिले की धडधाकट बँकही नुसत्या भीतीने कोसळू शकते. बाकीचे पैसे काढणार असे वाटले, की रांगेत आधी पोहोचणे यातच प्रत्येकाचे शहाणपण असते. मग बँकेला कर्जे घाईघाईने, तोट्यात विकावी लागतात आणि अफवा खरी ठरते. यावरचा एक उपाय म्हणजे ठेव विमा. पैसे बुडणार नाहीत याची खात्री असेल तर धावपळ करायची कशाला? 2022 चे अर्थशास्त्राचे नोबेल या दोघांना बेन बर्नान्के यांच्यासह मिळाले.

आपल्याला हा धडा सिद्धांताच्या आधीच मिळाला होता. 1960 साली केरळातली पालाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर 1 जानेवारी 1962 पासून देशात ठेव विमा आला. तेव्हा संरक्षण 1500 रुपयांचे होते, आज ते पाच लाखांचे आहे.

पण वसई-विरारकरांना डायमंड यांचा 1984 चा, कमी गाजलेला शोधनिबंध अधिक जवळचा वाटावा. कर्जदारावर ठेवीदारांच्या वतीने बँक नजर ठेवते, मग बँकेवर नजर कोणी ठेवायची, असा त्यातला प्रश्न आहे. त्यांचे उत्तर विलक्षण आहे: कर्जे पुरेशी विखुरलेली असली तर पहाऱ्याची गरजच फारशी उरत नाही. वसईचा बागायतदार, नालासोपाऱ्याचा छोटा कारखानदार, अर्नाळ्याचा बोटमालक हे सगळे एकाच दिवशी अडचणीत येत नाहीत. काहींचे कर्ज थकले तरी बाकीच्यांच्या हप्त्यांतून ठेवीदारांचे पैसे देता येतात.

सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि खात्यातून सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा राहिली. त्या बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे 73 टक्के कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे पुढे आले. वसई-विरारमध्येही या समूहाचे मोठे गृहप्रकल्प होते. पोलिसांकडे दाखल झालेल्या तक्रारीनुसार, समूहाची 44 कर्जखाती झाकण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखवली गेली होती. एका कर्जदाराच्या जागी हजारो छोटे कर्जदार! म्हणजे ज्या विखुरणीवर डायमंड यांनी बँकेची विश्वासार्हता उभी केली, नेमकी तीच इथे कागदावर रचली गेली. हे वाचताना आजही संताप येतो, कारण त्या ठेवींत कुणाचे निवृत्तीचे, कुणाच्या उपचारांचे पैसे होते. जानेवारी 2022 मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण पाच लाखांवरच्या रकमेसाठी ठेवीदारांना अनेक वर्षांचे वेळापत्रक मिळाले.

दरम्यान मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांवरचा नियम कडक केला. एका कर्जदार समूहाला देता येणारे कर्ज भांडवलाच्या 40 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर आले, तेही फक्त पहिल्या श्रेणीच्या भांडवलाच्या. हा बदल योग्यच होता. तरी माझ्या मते वसईसारख्या भागाचा प्रश्न त्याने पूर्ण सुटत नाही.

इथे सहकाराची परंपरा जुनी आहे. बॅसीन कॅथॉलिक बँकेची मुळे 1918 सालची आहेत. कर्जदाराला नावागावानिशी ओळखणे ही स्थानिक बँकेची मोठी ताकद आणि मोठ्या बँकेला ती सहज साधत नाही. मात्र ओळखीचे कर्जदार एकाच परिसरातले असतात, आणि या परिसराचे अर्थकारण गेल्या काही दशकांत घरबांधणीभोवती फिरू लागले आहे. बिल्डर, सिमेंटचा व्यापारी, फरशीचा दुकानदार, सेंट्रिंगचा ठेकेदार, इस्टेट एजंट: बँकेच्या वहीत ही पाच स्वतंत्र खाती, एकाही समूहात न मोडणारी. फ्लॅट विकले जायचे थांबले तर हप्ते मात्र पाचही जणांचे चुकतील. सहकारी बँकेचा सभासद हा तिचा मालक असतो. वार्षिक सभेत लाभांशासोबत त्याने हेही विचारावे, की आपल्या कर्जांपैकी किती टक्के कर्जांची परतफेड घरांच्या विक्रीवर टेकलेली आहे.