रॅबिटएमक्यू की काफ्का? त्याआधी एक प्रश्न

दोन सर्व्हर प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायचं असेल, तर आधी विचारा: उत्तर लगेच हवंय का? ग्राहक खात्यातली शिल्लक बघायला पडद्यासमोर थांबलाय, तर सरळ एचटीटीपी किंवा जीआरपीसी कॉल करा. मध्ये रॅबिटएमक्यूसारखी संदेशांची रांग घातली की उगाच गुंता वाढतो.

पावतीचा ईमेल, फोटो लहान करणं ही कामं मागाहून झाली तरी चालतात. इथे मला रॅबिटएमक्यू फार आवडतं. २००७ साली आलेलं, एर्लांग भाषेत लिहिलेलं. काम झाल्याची पोच मिळाली की नेहमीच्या रांगेतून तो संदेश निघून जातो. पोच देण्याआधीच प्रोग्रॅम बंद पडला, तर तोच संदेश दुसऱ्याकडे जातो.

काफ्काची तऱ्हाच वेगळी! लिंक्डइनमध्ये जन्मलेलं, २०११ मध्ये मुक्तस्रोत झालेलं. तिघा निर्मात्यांपैकी नेहा नारखेडे पुण्यात शिकलेल्या, याचा मला मनापासून अभिमान आहे. इथे वाचला म्हणून संदेश पुसला जात नाही. नोंदी वहीसारख्या ओळीने साठतात आणि मूळ सेटिंगनुसार ७ दिवस राहतात. कुठवर वाचलं याची खूण, म्हणजे ऑफसेट, प्रत्येक वाचक-गटाची वेगळी. त्यामुळे आज नवा प्रोग्रॅम जोडला, तरी तो साठलेल्या नोंदी पहिल्यापासून वाचू शकतो. क्रमाची हमी मात्र एका पार्टिशनपुरतीच, म्हणजे वहीच्या एका भागापुरतीच. म्हणून एका ग्राहकाच्या सगळ्या घटनांना एकच ‘की’ (key) द्या, म्हणजे त्या एकाच पार्टिशनमध्ये जातील.

आणि दोन्हीकडे तोच संदेश दोनदा येऊ शकतो. पैसे कापणाऱ्या कोडमध्ये व्यवहार क्रमांक तपासल्याशिवाय पुढे जाऊच नका.