वय, क्रम आणि संभाव्यता

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात वयवारी आणि संभाव्यता ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. वयवारीत आजचे वय, पाच वर्षांपूर्वीचे वय, दोघांच्या वयांची बेरीज यांवरून समीकरण मांडायचे. संभाव्यतेत अनुकूल शक्यतांना एकूण शक्यतांनी भागायचे. दोन्ही एकाच उदाहरणात आली की उमेदवार सवयीने ‘समजा वय क्ष’ असे लिहितो आणि तिथेच वेळ घालवतो. अशा बहुतेक उदाहरणांत वय काढायचे नसतेच. वयामुळे माणसांचे गट पडतात किंवा त्यांचा क्रम लागतो, एवढेच तिथे वयाचे काम.

एका कार्यालयात 12 कर्मचारी आहेत. 7 जण तिशीच्या आतले, 5 जण तिशी ओलांडलेले. त्यांतून 3 जणांची समिती यादृच्छिकपणे निवडली, तर तीत तिशी ओलांडलेली किमान एक व्यक्ती असण्याची संभाव्यता किती? ‘किमान एक’ म्हणजे एक, दोन किंवा तिघेही. तीन वेगळी गणिते करण्यापेक्षा उलट बाजूने जावे. 12 पैकी 3 जण 220 प्रकारे निवडता येतात, तिशीच्या आतल्या 7 पैकी 3 जण 35 प्रकारे. म्हणजे समितीत सगळे तिशीच्या आतले असण्याची संभाव्यता 35/220, अर्थात 7/44. ती 1 मधून वजा केली की उत्तर 37/44.

क्रमाची उदाहरणे त्याहून सोपी. वेगवेगळ्या वयांचे पाच मित्र कसेही रांगेत उभे राहिले, तर ते वयाच्या चढत्या क्रमाने असण्याची संभाव्यता 1/120. सर्वांत थोरला सर्वांत धाकट्याच्या पुढे असण्याची 1/2, कारण दोघांपैकी कोणीतरी एक पुढे असणारच आणि दोघांनाही संधी सारखीच.

सर्वाधिक चुका होतात त्या जगण्याच्या उदाहरणांत. 50 वर्षांचा पती 75 वर्षांपर्यंत न जगणे आणि जगणे यांच्या शक्यतांचे गुणोत्तर 3:2 आहे. 45 वर्षांची पत्नी 70 पर्यंत न जगणे आणि जगणे यांचे 1:2. पंचवीस वर्षांनी दोघांपैकी किमान एक जण हयात असण्याची संभाव्यता काढायची आहे. येथे 3:2 म्हणजे 3/2 नव्हे आणि 2/3ही नव्हे. एकूण भाग पाच, त्यांतले दोन जगण्याचे. म्हणून पती जगण्याची संभाव्यता 2/5. पत्नीची 2/3. या दोन्हींची नुसती बेरीज केली तर 16/15 येतात. संभाव्यता 1 पेक्षा मोठी असूच शकत नाही, तेव्हा चूक तिथेच उघडी पडते. दोघेही नसण्याची संभाव्यता 3/5 × 1/3 म्हणजे 1/5, म्हणून उत्तर 4/5. पडताळाही घेता येतो: दोघेही हयात 4/15, नेमका एक 8/15, कोणीच नाही 3/15, बेरीज बरोबर 1.

वयाची ही गुणोत्तरे काही परीक्षकांच्या डोक्यातून आलेली नाहीत. ज्यांच्या नावाचा धूमकेतू आहे, त्या एडमंड हॅली यांनी 1693 मध्ये ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात 40 व्या वर्षी 445 आणि 47 व्या वर्षी 377 माणसे हयात दिसतात. मधल्या सात वर्षांत 68 गेली. म्हणून चाळीस वर्षांचा माणूस आणखी सात वर्षे जगणे आणि न जगणे यांचे गुणोत्तर हॅली यांनी 377:68, म्हणजे सुमारे साडेपाचास एक, असे मांडले. वर्षासन किती किमतीला विकावे, हे ठरवण्यासाठी हा हिशेब होता.

पती-पत्नीच्या उदाहरणात संभाव्यतांचा गुणाकार केला, तो दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र मानून. एकाच घरात राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या माणसांबाबत हे प्रत्यक्षात पुरते खरे नसते. परीक्षेत मात्र प्रश्नात वेगळे सांगितलेले नसेल, तर त्या स्वतंत्रच धराव्यात.