पकडलेली तारली आणि फ्रेंचमधला ‘क’

सातपाटीच्या बंदरात मासा नुसता मासा नसतो. तो ‘काल पकडलेला’ असतो, ‘बर्फात ठेवलेला’ असतो, नाहीतर ‘जो मोठा दिसतोय तो’ असतो. नामाला वाक्य जोडायच्या मराठीच्या या दोन वाटा. फ्रेंच शिकवताना मात्र आपण त्या सोडून देतो आणि ‘की’, ‘क’, ‘दों’ ही संबंधी सर्वनामं इंग्रजी ‘हू’, ‘विच’, ‘हूज’वरून समजावतो. माझ्या मते इथेच घोळ होतो. इंग्रजीत ‘हू’ माणसासाठी, ‘विच’ वस्तूसाठी. फ्रेंच ‘की’ आणि ‘क’ यांचा तो निकषच नाही. जोडलेल्या वाक्यात कर्ता असेल तर ‘की’, कर्म असेल तर ‘क’, मग तो तांडेल असो वा त्याचं जाळं. ‘हू’ म्हणजे ‘की’ असं पाठ केलेला विद्यार्थी ‘मी पाहिलेला तांडेल’ म्हणतानाही ‘की’च घालतो. मराठी ‘जो’ माणूस आणि वस्तू असा भेद करत नाही, त्यामुळे मराठीवरून येणाऱ्याला ही चूक करायचं कारणच उरत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. ‘जी तारली तांडेलाने पकडली’ या वाक्यात क्रियापद तारलीमागे जातं, म्हणून तारलीच कर्ता वाटते आणि पुन्हा ‘की’ लिहिलं जातं. पण शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग इथे कामाला येतो: ‘ने’ शोधायचा. ‘मी पकडली’मध्ये तो दिसत नाही, तेव्हा ‘मी’च्या जागी ‘त्याने’ ठेवून बघायचं. शिवाय जी सवय अडचणीची वाटते तीच पुढे फळते. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं की ‘आव्वार’बरोबरचं कृदन्त त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. मासा पुल्लिंगी, म्हणून ‘ल प्वासों किल आ प्री’. तारली तिथेही स्त्रीलिंगी, म्हणून ‘ला सार्दीन किल आ प्रीझ’. (‘किल’ म्हणजे ‘क’ आणि ‘इल’ यांचा संधी.) सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने हा नियम इटालियनचा दाखला देऊन पद्यात मांडला, आणि फ्रेंच मुलं अजून त्यावर अडखळतात. ‘पकडलेला मासा, पकडलेली तारली’ म्हणणाऱ्या मुलाला त्यात नवं काय आहे? कर्म नंतर आलं तर कृदन्त बदलत नाही, एवढंच त्याला वेगळं सांगावं लागेल.

मराठीची खरी खोड दुसरीकडे आहे. ‘जो’च्या जोडीला आपल्याला ‘तो’ लागतो, आणि फ्रेंच लिहितानाही तो हळूच ‘इल’ होऊन मुख्य वाक्यात शिरतो. तिथे तो खोडायलाच हवा. पण एका खोडीसाठी ‘ज्याला’, ‘जिचं’ ही रूपं वाया का घालवायची? ‘2023 साली ज्याला राज्यमाशाचा मान मिळाला ते पापलेट’ यातल्या ‘ज्याला’साठी फ्रेंचमध्ये ‘ओकेल’ आहे, आणि नाम स्त्रीलिंगी असेल तर ‘आ लाकेल’, जसं आपलं ‘जिला’. ‘जिचं इंजिन बंद पडलं ती होडी’ म्हणजे ‘ला बार्क दों ल मोतर…’. ‘हूज’वरून आलेला विद्यार्थी इथे ‘ल’ हे उपपद गाळतो, कारण ‘हूज’नंतर इंग्रजीत उपपद येत नाही. मराठीत उपपदच नाही, म्हणून ते गाळायची सवयही लागलेली नसते. ‘दों’ शिकवतानाच ‘दों ल’, ‘दों ला’ अशी जोडी सांगितली की ती बसते.