टॅब्लेटचा पडदा केवढा असावा?

कापड मीटरने मोजतात, जमीन गुंठ्याने मोजतात आणि टॅब्लेटचा पडदा मात्र एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकस मोजतात. बेंगळुरूच्या सदर पत्रप्पा रोडवर, म्हणजे इथल्या लोकांच्या तोंडच्या एस. पी. रोडवर, विजेच्या आणि संगणकाच्या सामानाची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. तेथे घटकाभर उभे राहिले, तर 'आठ इंची दाखवा', 'दहा इंची केवढ्याला?' अशी भाषा सतत कानी पडते. मागणारा आणि देणारा दोघेही हा आकडा इतक्या सहजतेने उच्चारतात की तो नेमका कशाचा आहे, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. या मापाचे मूळ दूरचित्रवाणीच्या पहिल्या दिवसांत आहे. त्या काळी चित्रनलिकेचे तोंड वाटोळे असे व तिचा व्यास सांगणे सोयीचे होते. पुढे पडदा चौकोनी झाला, व्यासाच्या जागी कर्ण आला आणि तो आजतागायत टिकून राहिला.

परंतु केवळ कर्णावरून जागेचा अंदाज येत नाही. लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण चारास तीन असेल, तर दहा इंची पडदा ८ इंच लांब व ६ इंच रुंद असतो. म्हणजे ४८ चौरस इंच. तेच प्रमाण सोळास नऊ असेल, तर कर्ण तोच राहूनही जागा ४३ चौरस इंचांच्या आतच राहते. लांबट पडदा चित्रपटासाठी चांगला, कारण चित्रपट लांबटच असतो. पुस्तकाचे पान तितके लांबट नसते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सात आणि दहा यांत अंतर तीनच इंचांचे. पण चारास तीन या प्रमाणात सात इंची पडद्याची जागा सुमारे साडेतेवीस चौरस इंच भरते, म्हणजे दहा इंचीच्या निम्मीही नव्हे. कर्ण वाढतो तसे क्षेत्रफळ त्याच्या वर्गाच्या पटीने वाढते, हा शाळेतला नियम दुकानाच्या काउंटरपाशी विसरला जातो.

हे आकडे हवेत राहू नयेत म्हणून कागदाची उपमा घेऊ. आपले साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. त्याचा कर्ण साडेसहा इंच भरतो. आजचा बहुतेक प्रत्येक मोबाइल फोन म्हणजे एक पोस्टकार्डच. सर्वसाधारण मराठी कादंबरी ज्या डेमी आकारात छापली जाते, तिच्या पानाचा कर्ण दहा इंचांच्या आसपास येतो. आणि ज्यावर सरकारी पत्रे, शाळेचे प्रकल्प व रुग्णालयांचे अहवाल निघतात, त्या ए-४ कागदाचा कर्ण १४.३ इंच आहे. पोस्टकार्ड, कादंबरी आणि अर्जाचा कागद, ही तीन मापे मनात धरली की निम्मा निर्णय झाला. आपण टॅब्लेटवर प्रामुख्याने यांपैकी काय वाचणार आहोत, एवढेच स्वतःला विचारावयाचे.

माझे स्वतःचे आयुष्य ए-४ कागदात गेले आहे, म्हणून त्याविषयी थोडे अधिक बोलतो. कार्यालयातील टिपण, परिपत्रक, निविदा हे सारे ए-४ वर बारा पॉइंटच्या अक्षरांत तयार होते. ते पान १०.१ इंची, सोळास दहा प्रमाणाच्या पडद्यावर संपूर्ण दिसावे असे म्हटले, तर ते ६५ टक्क्यांपर्यंत आक्रसते आणि बारा पॉइंटचे अक्षर जेमतेम आठ पॉइंटचे उरते. आठ इंची, चारास तीन पडद्यावर ते साडेसहाच्या आसपास येते. औषधाच्या बाटलीवरील सूचना याच मापाच्या असतात आणि त्या कोण वाचतो हे आपण जाणतोच. अकरा इंचीवर अक्षर नऊ पॉइंटचे राहते. तेरा इंचीवर साडेदहाच्या पुढे जाते. बोटांनी पान मोठे करता येते हे खरे. पण मग ओळ पडद्याबाहेर जाते, पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते आणि तीन परिच्छेद वाचून होईपर्यंत पहिल्याचा आशय मनातून निसटतो. ज्याला दिवसाकाठी चाळीस-पन्नास पाने अशा रीतीने वाचावयाची आहेत, त्याने अकरा इंचांच्या खाली उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या लिपीचीही एक वेगळी मागणी आहे. रोमन अक्षराच्या वर-खाली फारसे काही घडत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर पायाशी उकार आणि जोडाक्षराची शेपटी. 'दृष्टी' किंवा 'कर्तृत्व' हा शब्द लहान टाइपात पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानात येईल. तितक्याच उंचीच्या ओळीत देवनागरीचे मूळ अक्षर लहान होऊन बसते. म्हणून इंग्रजी मजकूर ज्या पडद्यावर सुखाने वाचता येतो, त्यावर मराठी मजकूर डोळ्यांना ताण देतो. त्यात पडद्यावरील बिंदूंची घनता कमी असेल, तर रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. १२८० बाय ८०० बिंदूंचा पडदा आठ इंची असेल, तर एका इंचात १८९ बिंदू बसतात. तेवढेच बिंदू १०.१ इंची पडद्यावर पसरले की इंचाला १४९ उरतात. स्वस्तातला मोठा पडदा घेणाऱ्याने हा हिशेब अवश्य पाहावा.

आणि डोळे? वाचण्याच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो, तो शब्द उगाच रूढ झालेला नाही. त्या वयाच्या सुमारास डोळ्यातील भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे वाचण्यासाठी वस्तू दूर न्यावी लागते. जे अक्षर तीस सेंटिमीटरवरून वाचता येई, ते पन्नास सेंटिमीटरवर धरले तर डोळ्याला तेवढेच दिसण्यासाठी ते दीडपटीहून अधिक मोठे असले पाहिजे. एकाच घरात नातवाला पुरणारा पडदा आजोबांना अपुरा पडतो, याचे कारण हे असे साधे भूमितीचे आहे.

हाताएवढ्या पडद्याचा प्रश्न बेंगळुरूने पुष्कळ आधी हाती घेतला होता, याची आठवण आज फार थोड्यांना आहे. १९९८ साली या शहरात विकसनशील देशांतील माहिती तंत्रज्ञानावर एक परिषद भरली आणि तिच्या चर्चेतून 'सिम्प्युटर'ची कल्पना पुढे आली. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे यांनी मिळून १९९९ मध्ये एक विश्वस्त संस्था स्थापन केली आणि २००१ च्या एप्रिलमध्ये यंत्राचा नमुना लोकांसमोर ठेवला. साधा, स्वस्त आणि बहुभाषिक असा लोकांचा संगणक हे त्यांचे ध्येय होते. त्याचा पडदा तळहातात मावेल एवढाच. ३२० बाय २४० बिंदूंचा. देवनागरीच्या सुवाच्य दहा-बारा ओळी त्यावर बसल्या तरी पुष्कळ. मोठा पडदा म्हणजे अधिक किंमत आणि बॅटरीवर अधिक भार. वीज न पोहोचलेल्या खेड्यासाठी हे दोन्ही परवडणारे नव्हते. त्या विद्वानांनी काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. पडद्यावर मावत नाही ते त्यांनी कानांवर सोपविले. 'ध्वनी' नावाची प्रणाली भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखवी. ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्यासाठी पडदा मोठा करून काय साधणार, हा त्यामागचा विचार होता.

सन २००४ मध्ये येथील भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने 'अमिडा सिम्प्युटर' बाजारात आला. किंमत सुमारे दहा हजार रुपयांपासून पुढे. खप काही हजारांपलीकडे गेला नाही. तोवर मोबाइल फोन स्वस्त होऊ लागला होता आणि खेड्यातील माणसाने आधी तो घेतला. परंतु याच भारत इलेक्ट्रॉनिक्सने पुढे २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेसाठी टॅब्लेट पुरविले आणि घरोघरी फिरणाऱ्या गणकांच्या सोबतीने ते देशभर गेले. दारात उभ्या उभ्या एका हातात धरून दुसऱ्या हाताने नोंद करावयाची, या कामाला मोठा पडदा गैरसोयीचाच ठरला असता.

त्याच वर्षी, ५ ऑक्टोबर २०११ रोजी, विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' हा सात इंची टॅब्लेट दिल्लीत जाहीर झाला. त्याची चर्चा झाली ती किमतीची. पण पाठ्यपुस्तकाचे पान सात इंचांत कसे बसावे, हा प्रश्न त्या गलबल्यात मागे पडला. सात इंच हे मापच त्या सुमारास वादाचे झाले होते. अ‍ॅपल कंपनीने २०१० साली आयपॅड आणला तो ९.७ इंचांचा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात स्टीव्ह जॉब्स यांनी सात इंची टॅब्लेटांची थट्टा केली. ते वापरणाऱ्याला बोटे घासून बारीक करण्यासाठी सँडपेपरही द्यावा लागेल, अशा आशयाचे ते बोलले. दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच कंपनीने ७.९ इंचांचा आयपॅड मिनी विक्रीस काढला आणि तो लोकांना आवडला. यात जॉब्स सर्वस्वी चुकले असे म्हणवत नाही. सात व आठ यांतला फरक कर्णात लहान दिसला तरी क्षेत्रफळात तो तीस टक्क्यांच्या घरात जातो.

मिनी आवडण्याचे खरे कारण मात्र वजन हे होते. पहिला आयपॅड ६८० ग्रॅम भरे, मिनी ३०८. पाऊण किलोच्या जवळचे ओझे टेबलावर जाणवत नाही, पलंगावर पडून छातीवर धरले की दहा मिनिटांत जाणवते. आमच्या शहरात मेट्रोत किंवा बसमध्ये उभ्याने तास-तास प्रवास करणारे हजारो आहेत. एक हात वरच्या कड्यात अडकलेला, दुसऱ्या हातात टॅब्लेट. अशा वाचकाला आठ इंचांहून मोठा पडदा घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

लिहिणाऱ्याचा प्रश्न पुन्हा वेगळा. टंकलेखनाच्या कळफलकावर एका कळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. इंग्रजीच्या दहा अक्षरांची ओळ या हिशेबाने १९ सेंटिमीटरची होते आणि दहा इंची पडदा आडवा धरला की त्यावर ती कशीबशी मावते. मराठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकाला एका ओळीत बारा कळा लागतात, म्हणजे जवळजवळ २३ सेंटिमीटर. तेव्हा काचेवर दहाही बोटांनी मराठी लिहिण्याची आशा दहा इंचीवर धरू नये. स्वतंत्र कळफलक जोडावा, नाही तर सरळ बोलून लिहून घ्यावे.

मुलांच्या बाबतीत मला थोडे निक्षून सांगावेसे वाटते. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा लक्षावधी मुलांनी फळा पाहिला तो पोस्टकार्डाएवढ्या फोनवर. तो नाइलाज होता. आता विचार करून खरेदी करता येते, तर शाळकरी मुलासाठी सात-आठ इंची टॅब्लेट 'लहान हातांना लहान पडदा' या न्यायाने घेऊ नये. पाठ्यपुस्तकाचे पान मोठे असते, त्यात नकाशे आणि आकृत्या असतात. लहान पडदा मूल आपोआप डोळ्यांजवळ नेते. दहा-अकरा इंची पडदा टेबलावर उभा ठेवला तर निदान हातभर अंतर राहते.

आणि वृद्ध मंडळी. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हा कुटुंबांना हा विषय विशेष जवळचा आहे. माझी आई पंचाहत्तरी उलटून गेल्यावर बेंगळुरूस आमच्याकडे राहावयास आली. येथे सकाळी दारात मराठी वर्तमानपत्र पडत नाही. टॅब्लेट आणला तो तिच्यासाठी, तिला घरचे वर्तमान वाचता यावे म्हणून. वर्तमानपत्राचे छापील पान जसेच्या तसे दहा इंची पडद्यावर आणले तर ते उंचीने एक तृतीयांशाच्या थोडे वर राहते. त्यातली बातमी म्हणजे मुंग्यांची रांग. तिला अकरा इंची पडदा दिला, पानाच्या छायाचित्राऐवजी बातमीचा मजकूर उघडून दिला आणि अक्षर मोठे करून ठेवले. तो मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली ओळ मोडून घेतो, त्यामुळे पान सरकवावे लागत नाही. वजन पेलवत नव्हते, म्हणून पोथी ठेवण्याची लाकडी घडीची व्हयी तिच्यापुढे मांडली. "अरे, हिच्यावर माझी ज्ञानेश्वरी असते," एवढे म्हणून तिने ती स्वीकारली. आता सकाळी ज्ञानेश्वरी आणि दुपारी कोल्हापूरच्या बातम्या, दोन्हींचे आसन एकच आहे.

दुकानात जाण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करता येण्यासारखा आहे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापावेत : एक ६.४ इंच लांब आणि ४.८ इंच रुंद, दुसरा ८ बाय ६, तिसरा १०.४ बाय ७.८. हे अनुक्रमे आठ, दहा आणि तेरा इंची पडदे झाले. ते दोन-तीन दिवस घरात वागवावेत. जेथे वाचावयास बसता तेथे हातात धरून पाहावेत, प्रवासाच्या पिशवीत घालून पाहावेत. मग आपण नेहमी वाचतो त्यातलेच एखादे मराठी पान पेन ड्राइव्हवर किंवा फोनमध्ये घेऊन दुकानात जावे आणि तेच पान तेथील यंत्रावर उघडून दाखवावयास सांगावे. दुकानदार बहुधा रंगीत फुलांची चित्रे आणि धबधबे दाखवितो. ती सात इंचांतही सुंदरच दिसतात.