मेलेला गडी उठतो कसा?

आमच्या लहानपणी सांगलीत कृष्णेच्या वाळवंटात हुतुतू रंगायचा. एकदा हरिपूरच्या पोरांशी सामना ठरला आणि दुसऱ्याच डावाला मोडला. आम्ही संजीवनी खेळणारे. समोरचा एक गडी मेला, की आपला मेलेला जिवंत. त्यांच्याकडे मेला तो डाव संपेपर्यंत बाहेर! ‘मेलेला उठतो कसा?’ म्हणत त्यांच्या म्होरक्याने माझा सदरा धरला. सदरा फाटला, घरी मारही बसला. पण दोन्ही बाजू खऱ्या होत्या, हीच पंचाईत. (अमर नावाच्या तिसऱ्या प्रकारात तर मेलेला बाहेर जातच नाही, नुसता गुण मोजायचा.)

खेळ गावोगाव असतात, पण परगावच्यांशी खेळायचे तर नियम कागदावर यावे लागतात. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ साली बेसबॉलचे नियम लिहून काढले. आपल्याकडे १९१८ च्या सुमारास हुतुतूला शिस्त लावायचा पुढाकार शेजारच्या साताऱ्याने घेतला. १९२१ साली संजीवनी आणि हरिपूरकरांचा तो प्रकार यांचा मेळ घालून नियम बांधले गेले. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून अखिल भारतीय सामने भरवले. आमच्या वाळवंटापर्यंत मात्र ते पुस्तक कधी पोहोचले नाही!

१९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, भारताला सुवर्णपदक मिळाले. आजही समोरचा गडी बाद झाला की आपला बाद गडी परत येतो. टीव्हीवर ते पाहताना माझा हात अजून सदऱ्याच्या कॉलरकडे जातो.