रत्नाकर ते आरबीएल: एका खासगी बँकेविषयीचे गैरसमज

आरबीएल ही मुंबईतल्या कुणा बड्या कंपनीने अलीकडे काढलेली क्रेडिट कार्डवाली बँक आहे, असे समजणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात ती स्वातंत्र्याच्याही आधीची. 1943 मध्ये कोल्हापूर आणि सांगली अशा दोन शाखांवर ती ‘रत्नाकर बँक’ म्हणून सुरू झाली. या पट्ट्यातले व्यापारी आणि छोटे-मध्यम उद्योजक हा तिचा खातेदारवर्ग. 1959 मध्ये ती शेड्यूल्ड बँक झाली. 2014 मध्ये नाव बदलले, कारभारही मुंबईहून चालू लागला, पण नोंदणीकृत कार्यालय कोल्हापुरात शाहूपुरीतच राहिले.

कोल्हापूरची म्हटल्यावर ती सहकारी असणार, असेही अनेकांना वाटते. त्या भागात सहकाराचा पसारा एवढा मोठा आहे, की हा समज स्वाभाविक आहे. पण सहकारी बँकेत सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. रत्नाकर पहिल्यापासून कंपनी होती आणि कंपनीत मताचे वजन भांडवलावर ठरते.

मग 1969 च्या राष्ट्रीयीकरणातून ही बँक सुटली कशी? इंदिरा गांधींनी सगळ्याच खासगी बँका सरकारजमा केल्या, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. 50 कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या 14 बँका तेव्हा घेतल्या गेल्या. पुण्यात 1935 मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र त्यांत होती, म्हणजे आजची ही सरकारी बँक तोवर खासगीच होती. 1980 मध्ये 200 कोटींची मर्यादा लावून आणखी सहा बँका घेतल्या. रत्नाकर, सांगली बँक, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न या लहान होत्या, म्हणून खासगी राहिल्या.

हाच लहानपणा पुढे अडचणीचा ठरला. 2005 मध्ये रिझर्व्ह बँकेने खासगी बँकांसाठी किमान 300 कोटींच्या नक्त मालमत्तेची अट घातली. 1936 सालच्या युनायटेड वेस्टर्नचे भांडवल पुरते आटले होते. सप्टेंबर 2006 मध्ये तिच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि पुढच्याच महिन्यात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. 1916 मध्ये स्थापन झालेली सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. दक्षिण महाराष्ट्राने स्वतःच्या पैशांतून उभ्या केलेल्या दोन संस्था वर्षभरात नाहीशा झाल्या, याची म्हणावी तेवढी चर्चा आपल्याकडे कधी झाली नाही.

रत्नाकर टिकली ती बाहेरून भांडवल आल्यामुळे. 2010 मध्ये विश्ववीर आहुजा यांनी सूत्रे घेतली. नव्या गुंतवणूकदारांचा पैसा आला, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचा भारतातला क्रेडिट कार्ड व्यवसाय विकत घेतला गेला आणि ऑगस्ट 2016 मध्ये 225 रुपयांच्या भावाने शेअर बाजारात आले. वाढ झपाट्याची होती, पण तिच्यात क्रेडिट कार्डे आणि सूक्ष्मकर्जे, म्हणजे विनातारण कर्जे, मोठ्या प्रमाणात होती. कोरोनात ती थकली. एप्रिल ते जून 2021 या तिमाहीत बँकेला 459 कोटींचा तोटा झाला. बँक मोठी होत गेली की आपोआप भक्कमही होते, हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत महागडा गैरसमज आहे.

डिसेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने आरबीएलवर आपला अतिरिक्त संचालक नेमला आणि आहुजा रजेवर गेले. ‘बँक बुडाली’ अशी कुजबुज सुरू झाली, शेअर कोसळला. पण संचालक नेमणे वेगळे आणि पैसे काढण्यावर निर्बंध घालणे वेगळे. आरबीएलच्या खातेदारांवर असे कोणतेही बंधन नव्हते. 27 डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने स्वतः आकडे दिले: भांडवल पर्याप्तता 16.33 टक्के, तर तातडीची देणी भागवण्याची रोखता किमान 100 टक्के लागते, ती 153 टक्के. जून 2022 मध्ये आर. सुब्रमण्यकुमार यांनी कारभार हाती घेतला.

‘सरकारी बँकेतल्या ठेवींना विमा असतो, खासगीला नसतो’ हेही चुकीचे. ठेव विमा दोन्हीकडे सारखाच आहे. फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाख रुपये झाली. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे ठेवले तरी विमा चौपट होत नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेने सुमारे 26,850 कोटी रुपये गुंतवून आरबीएलचा साठ टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. त्यावर ‘आता आपल्या ठेवी दुबईला जाणार’ ही भीती पसरली. मालक परदेशी झाला तरी बँक भारतात नोंदलेली कंपनीच राहते. ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे आणि सरकारी रोख्यांत ठेवण्याचे बंधन सुटत नाही, ठेव विमाही तोच राहतो. आणि भारतीय खासगी बँकेत कुणाकडे कितीही शेअर असले, तरी मताचा अधिकार 26 टक्क्यांच्या वर जात नाही.