एक्सप्लेनर : भूकंप एक, घरांची मापं तीन! किल्लारीतल्या मदतीच्या वाटणीचा आजच्या पंचनाम्याशी काय संबंध?

औसा तालुक्यातलं किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. विसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत असताना भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात सुमारे ८,००० माणसं गेली. त्यानंतर मिळालेली घरं मात्र सगळ्यांना सारखी नव्हती. असं का झालं, ते समजून घेऊया.

घरं कशी वाटली गेली?

राज्य सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन कार्यक्रम राबवला. सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. या गावांत घराचं माप कुटुंबाच्या जमिनीवर ठरलं :

- भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन : २५० चौरस फूट
- १ ते ७ हेक्टर : ४०० चौरस फूट
- ७ हेक्टरपेक्षा जास्त : ७५० चौरस फूट

२५० चौरस फूट म्हणजे १० फूट बाय २५ फूट. घरात माणसं किती, यापेक्षा सातबाऱ्यावर जमीन किती, हे महत्त्वाचं ठरलं.

सरकारचा तर्क काय होता?

मोठ्या शेतकऱ्याला धान्य आणि अवजारं ठेवायला जागा जास्त लागते. शिवाय त्याचा दगडमातीचा वाडा किंवा माळवदाचं घर कोसळलं होतं, तर हलक्या छपराच्या झोपड्या तुलनेने वाचल्या होत्या. 'ज्याचं जास्त गेलं, त्याला जास्त' असा हा हिशोब.

पण भरपाई आणि पुनर्वसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपाईत काय गेलं ते मोजतात, पुनर्वसनात पुढे जगायला काय लागेल ते पाहावं लागतं. सालगडी, शेतमजूर, बलुतेदार यांच्या नावावर जमीन कमी किंवा नव्हतीच. त्यामुळे ते आपोआप सर्वांत लहान घराच्या यादीत गेले. अनेक नव्या गावांत एका मापाची घरं एकाच भागात बांधली गेली. परिणामी जुना सामाजिक भेद नव्या नकाशावरही दिसू लागला.

कायदा काय सांगतो?

१९९३ मध्ये देशात आपत्ती व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो २००५ मध्ये आला. त्याच्या कलम ६१ नुसार भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येत नाही.

या यादीत जमीन नाही. म्हणजे 'अमुक जातीला कमी' असा आदेश काढता येणार नाही, पण 'जमिनीप्रमाणे मदत' हा निकष चालतो. जमीन कोणाच्या नावावर असते आणि कोणाच्या नसते, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. बाईचं नाव तर सातबाऱ्यावर क्वचितच असतं.

आज काय बदललं?

काही बाबतींत समानता आली आहे. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांनुसार आपत्तीत मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपये मिळतात, मग मृत व्यक्ती शेतमजूर असो की बागायतदार.

पिकांच्या मदतीत मात्र माप हेक्टरचंच आहे : कोरडवाहूसाठी हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीसाठी १७,००० रुपये. मर्यादा २ हेक्टर. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्याने ती ३ हेक्टर केली. मर्यादेमुळे मोठ्या जमीनदाराला अमर्याद पैसे मिळत नाहीत, हे खरं. पण अर्ध्या हेक्टरवाल्याला कोरडवाहूच्या दराने ४,२५० रुपये येतात आणि बटईने कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसल्याने पैसे सहसा मालकाच्या खात्यात जातात. सोयाबीन पाण्यात गेल्यावर काढणीची मजुरी बुडालेल्या मजुराला या सदरातून काहीच मिळत नाही.

तुम्ही काय करू शकता?

- पंचनाम्याच्या वेळी हजर राहा. पडलेलं घर, वाहून गेलेलं जनावर आणि भांडीकुंडी यांची वेगळी नोंद करून घ्या. या मदतीला जमिनीची अट नाही.
- लाभार्थ्यांची यादी पाहा. नाव सुटलं असेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.
- यादी मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा.
- ग्रामसभेत बटईदार, मजूर आणि एकल महिलांच्या नुकसानीची वेगळी यादी करून ठराव घ्या. अशा ठरावाने लगेच पैसे मिळतीलच असं नाही, पण ज्यांचं नुकसान सातबाऱ्यात दिसत नाही, त्यांची कागदावर नोंद तरी होते.